अकरा वाजून पाच मिनिटांचा चमत्कार

शंभर-सव्वाशे माणसं हात जोडून उभी आहेत आणि त्यांच्यापुढे आहे लाकूड कापायचं मशीन. कुणी ओंडक्यांच्या ढिगावर चढलंय, कुणी भुशात गुडघे रोवून बसलंय. कारखान्याच्या पत्र्याच्या छपराखाली इतकी शांतता आहे की एक बाई शिंकली तर दहा जणांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. हे सगळं तीन मोबाइलवर चित्रित झालंय. मी ते अकरा वेळा पाहिलंय, आणि अकराही वेळा माझं डोकं फिरलंय.

"गप्प! यंत्र श्वास घेतंय!"

हे झटकेबाबा. पन्नाशीचा, टणक अंगाचा, पांढरा अंगरखा घातलेला माणूस. भक्तांच्या कपाळाला बोट लावतो आणि त्यांना झटका बसतो, म्हणून हे नाव. तो झटका म्हणजे गॅस पेटवायच्या लायटरमधला खटका. बाहीत लपवलेला असतो, पोलिसांनी नंतर काढून दाखवला. पण त्या सकाळी ती साक्षात शक्ती होती बरं का!

"वीज म्हणजे काय? प्राण! हा प्राण येतो कुठून? तारेतून? नाही बेटा. तार म्हणजे नुसती नळी. नळीतून पाणी आलं म्हणून कुणी नळीला विहीर म्हणतं का?"

"नाही!" सगळे ओरडले. म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, पण गर्दीला कळलं, कारण बायाबापड्या डोळे पुसत होत्या.

"या यंत्राने एका तरण्याबांड माणसाचा हात खाल्ला. का खाल्ला? कारण याच्यात कुणीतरी काहीतरी घातलंय. आज मी याचा प्राण काढून घेणार. नवा प्राण घालणार. बरोबर अकरा वाजून पाच मिनिटांनी! कीबोर्ड कुठाय?"

कीबोर्ड आणि माउस एका म्हातारीच्या मांडीवर, गोणीत बांधून ठेवले होते. मशीनपासून पाच पावलांवर दोरी लावली होती. कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता.

"पाच... चार... तीन..."

आणि अकरा पाचला मशीनच्या वरचा पडदा काळा झाला. मशीनचे पंखे थांबले. त्याचे दिवे विझले.

चित्रीकरणात यापुढे थोडा वेळ नुसता आवाज आहे, कारण तिन्ही फोनवाल्यांनी फोन खाली करून हात जोडले. गर्दी निवल्यावर बाबा दोरीच्या आत गेला. त्याने आपला उजवा हात कोपरापर्यंत त्या गोल, दातेरी पात्याखाली ठेवला आणि डाव्या हाताने हिरवं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. पातं हललं नाही.

"निष्पापाला यंत्र खात नाही," बाबा म्हणाला. "आता पाप्याला आणा."

त्याच वेळी मी तिथून दोनशे चाळीस किलोमीटरवर, खिडकीपाशी खुर्चीत बसून, तो प्राण काढत होते. शेजारी चहा गार होत होता.

सांगते. हे मशीन आम्ही बनवतो. त्याला एक संगणक असतो, तोच पात्याला चाल आणि थांब सांगतो. संगणक चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, ती ऑपरेटिंग सिस्टिम, जुनी झाली की बदलावी लागते. घरातली भांडी तीच, माणसं तीच, फक्त घर चालवणारी सासू बदलली असं समजा. पूर्वी त्यासाठी आमचा माणूस गाडीने जायचा. आता जात नाही. मशीनला इंटरनेटची तार असते, त्या तारेतून मी नवी व्यवस्था पाठवते. मशीन जुनी पुसतं, नवी मांडतं, दोन-तीनदा बंद होतं, आपलं आपण उठतं. पस्तीस-चाळीस मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात पातं फिरूच शकत नाही, हिरवं बटण नाचत नाचत दाबा नाहीतर रडत रडत. बाबाने त्या चाळीस मिनिटांत मान ठेवली असती तरी केस कापला गेला नसता.

आता पाप्याची गोष्ट. तिला सगळे मोजणीताई म्हणायचे. ओंडका मशीनवर चढला की त्याची जाडी-लांबी बघून कुठे कापायचं ते ठरवणं तिचं काम. नऊ वर्षं ती हेच करत होती. जिभेला हाड नसलेली बाई. मुकादमाला तोंडावर सांगायची, "मुकादम, तुम्ही घाई करा, मी हिशोबाने करते." आकडे पुटपुटत कापायची, म्हणून बाया म्हणायच्या ती मशीनशी बोलते. आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती मशीनच्या डोळ्याशी काहीतरी करायची.

डोळा म्हणजे पात्याशेजारचा एक छोटा दिवा. त्याचा प्रकाश समोरच्या पट्टीवरून परत येत असतो; मध्ये हात किंवा कापड आलं की तो अडतो आणि पातं जागच्या जागी थांबतं. तीन आठवड्यांपूर्वी मुकादमाचा जावई तिथे ओंडका सरळ करायला वाकला आणि डोळा असूनही पातं थांबलं नाही. मनगटाच्या वर चार बोटं हात गेला. लेकीचं लग्न होऊन पाच महिने झाले होते. मुकादम त्या दिवसापासून घरी जेवत नव्हता म्हणे.

अशा माणसाला काय हवं असतं? कुणीतरी दोषी हवा असतो. बाबाने तो दिला. "जी बाई पहाटे उठून यंत्राच्या डोळ्यात काळं घालते, तिला विचारा."

त्या सकाळी ती बाहेर ओंडके मोजत होती, तिथून तिला ओढून आणलं. ती ओरडत होती, "अरे, अपग्रेड आहे आज! कंपनीचं अपग्रेड आहे! मशीन बंदच राहणार आहे!" कुणाला काय कळणार? एक जण ओरडला, "उलटा मंत्र म्हणतेय, तोंड दाबा!" फळीचा पहिला तडाखा तोंडावरच बसला. चित्रीकरणात तो आवाज स्पष्ट आहे. दोन दात भुशात पडले. रोज तिच्या डब्यातलं खाणाऱ्या बायांनी तिचे केस धरले. एकाने तिच्या पाठीत गुडघा घातला, दुसऱ्याने तोंडात हिरव्या फडक्याचा बोळा कोंबला, आणि उरलेल्या फडक्याने तिचा डावा हात मशीनच्या टेबलाला बांधला, पात्याखाली, बाबाने मघाशी ठेवला होता बरोबर तिथेच. ती लाथा झाडत होती म्हणून तिघे जण तिच्या पायांवर बसले.

"यंत्र जागं होईल," बाबाने सांगितलं. "अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी. ती निर्दोष असेल तर पातं गप्प राहील. दोषी असेल तर आपोआप फिरेल."

आणि पातं फिरणार होतं. नवी व्यवस्था बसली की मशीन स्वतःची एक चाचणी घेतं: पातं दहा सेकंद आपोआप फिरतं. डोळ्यासमोर काही आडवं असेल तर फिरत नाही, म्हणून आम्हाला वाटलं होतं, धोका काय आहे? आम्हाला काय, आम्ही खुर्चीत बसून शहाणे.

अकरा अडतीसला माझ्यासमोर कॅमेऱ्याचं चित्र उमटलं. टेबलाच्या वर एक रुंद नजरेचा, तिरका कॅमेरा असतो, ओंडका मोजायला; त्यात भिंतीपर्यंतचं आवारही दिसतं. त्याची तार वेगळी असल्याने तो मशीनच्या आधी जागा होतो. मी चहाचा कप उचलला आणि तसाच धरून राहिले. टेबलावर ओंडका नव्हता. एक हात होता. तळवा वर, बोटं हलत होती. आणि कॅमेऱ्याच्या पेटीने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या छोट्या संगणकाने, त्या हाताभोवती नेहमीसारखी पिवळी चौकट काढून खाली लिहिलं होतं: लाकूड. व्यास साडेसहा सेंटिमीटर. साल नाही. कापण्यास योग्य.

मी किंचाळले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्चीसकट मागे पडला.

काम अठ्ठ्याऐंशी टक्के झालं होतं. या टप्प्यावर मला ते थांबवता येत नाही. मशीन पूर्ण उठेपर्यंत माझं काही ऐकत नाही. चार मिनिटं होती. मी कारखान्याच्या कारकुनाला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. कॅमेऱ्याच्या कडेला मला कारकून दिसतही होता: डोळे मिटून, हात जोडून, खिशात फोनचा उजेड लुकलुकतोय! त्या मेल्याला मी काय काय शिव्या घातल्या ते छापण्यासारखं नाही. दीड मिनिट त्यात गेलं. मग मोजणीताईचा नंबर लावला. तो उचलला गेला.

"कोण?" पुरुषाचा घोगरा आवाज. ताईचा फोन पुरावा म्हणून मुकादमाने काढून घेतला होता.

"मी मशीन कंपनीतून बोलतेय. तिचा हात काढा! अडीच मिनिटांत पातं फिरणार आहे!"

"माहितेय," मुकादम म्हणाला. "महाराजांनी सांगितलंय."

मी कपाळावर हात मारला. खरं सांगावं तर ते बाबाच्या भविष्याला पुरावा होतं. कुणाशी भांडू?

"मुकादम, ऐका. मशीन मी बंद केलंय. इथून. तारेतून."

"तुम्ही महाराजांच्या शिष्या का?"

"शिष्या कसली डोंबलाची! मला तुम्ही दिसताय. निळा सदरा. फोन डाव्या कानाला. वर बघा, काळी डबी आहे, तिच्याकडे बोटं दाखवा. किती ते मी सांगते."

मग कॅमेऱ्यात एक काळवंडलेला पंजा आला.

"तीन," मी म्हणाले. "आता पाच. आता मूठ. मी आंधळी नाही आणि देवीही नाही. आता पाठीमागे बोटं करा आणि तुमच्या महाराजांना विचारा किती."

मला फोनवर ऐकू आलं. "महाराज, किती बोटं?"

"बेटा, ही पोरखेळाची वेळ नाही. तो आवाज चेटकिणीच्या बहिणीचा आहे. फोन फेकून दे!"

गर्दी ओरडली, "फेक! फेक!" एक मिनिट दहा सेकंद उरले होते. हुशारी करायला वेळ नव्हता, पण कॅमेऱ्यात मला एक गोष्ट दिसली आणि ती मी आयुष्यभर विसरणार नाही.

"मुकादम, मघाशी बाबाचा हात पात्याखाली होता ना? आत्ता तो कुठे उभा आहे?"

"तिकडे... भिंतीपाशी."

"किती पावलं?"

तो मोजेपर्यंत मी थांबले नाही.

"सगळे पुढे सरकताहेत आणि तो एकटा मागे. ज्याला खरंच माहीत नसतं की पातं फिरेल का नाही, तो बघायला पुढे येतो. याला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला जावयाच्या हाताची शपथ, मुकादम. चाळीस सेकंद. लाल बटण दाबा, पातं थांबेल!"

"लाल बटणाला महाराजांनी फडकं बांधलंय. हात लावायचा नाही म्हणाले."

"का बांधलं असेल?" मी ओरडले. "का?"

फोन पडल्याचा आवाज झाला. कॅमेऱ्यात मुकादम टेबलावर आला, साल काढायचा कोयता हातात. दोन जणांनी त्याला मागून धरलं, त्याने एकाच्या नाकावर कोपर हाणलं. हिरव्या फडक्यावर पहिला वार, दुसरा वार. शंभर टक्के. पात्याची कड पुसट झाली, म्हणजे ते फिरू लागलं होतं. त्याने ताईचा दंड धरून अख्खी बाई मागे खेचली आणि टेबलावर लाल शिंतोडे उडाले. दहा सेकंद पातं फिरलं. मी नुसती बघत होते. मग ते थांबलं आणि टेबलावर करंगळीचा अर्धा तुकडा पडला होता. पेटीने त्याच्याभोवतीही चौकट काढली आणि लिहिलं: अपुरी लांबी, बाजूला काढा.

फोन चालूच होता. आधी तोंडातला बोळा निघालेल्या ताईच्या किंकाळ्या, मग कुणीतरी, "महाराज खरे ठरले! फिरलं! दोषी आहे!" आणि मग मुकादमाचा आवाज, गर्दीच्या वर, "खरे ठरले? मग भिंतीला का चिकटला होता? धरा त्याला! त्याची झोळी उलटी करा!"

झोळीतून राख पडली, लायटर पडले, आणि चार घड्या घातलेला एक कागद पडला. आमचाच. कंपनीने आठवडाभर आधी कारखान्याला पाठवलेली सूचना: मंगळवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी मशीन बंद होईल. अंदाजे अकरा बेचाळीसला काम संपेल. त्यानंतर पातं दहा सेकंद आपोआप फिरेल, कोणीही जवळ थांबू नये. कुणीतरी ती मोठ्याने वाचली. भविष्य, चमत्कार, नवा प्राण, सगळं आठ ओळींत बसत होतं.

"हा कागद याच्याकडे कसा?" मुकादमाने विचारलं.

कारकून रडायला लागला. "मीच दिला. आशीर्वादासाठी. महाराजांनी तो वाचला नाही हो, नुसता कपाळाला लावला!" आणि पुढे म्हणाला ते ऐका: "म्हणून तर मला आश्चर्य वाटलं, न वाचता त्यांना वेळ कळली कशी!"

यावर कुणी हसलं नाही, कारण तोवर गर्दीने बाबाला उचललं होतं. फळ्या त्याच होत्या. त्याच फळीने त्याचे दात पडले. ताईच्या पायांवर बसलेले तेच तिघे आता बाबाच्या पायांवर बसले. माझ्या कॅमेऱ्यात टेबलावर पुन्हा एक हात आला, मनगटात मण्यांची माळ. पेटीने चौकट काढली: लाकूड. व्यास आठ सेंटिमीटर. कापण्यास योग्य.

"मॅडम," फोनवर मुकादम धापा टाकत होता. "आता मशीन तुमच्या ताब्यात आहे ना?"

"आहे."

"मग फिरवा. अंगरख्यासकट फिरवा!"

"फिरवा! फिरवा!" मागे शंभर गळे.

खोटं कशाला बोलू? माझ्या पडद्यावर हिरवं बटण होतं आणि माझा माउस त्याच्यावर गेला होता. टेबलावर अजून करंगळीचं रक्त होतं. नुसतं एक बोट दाबायचं. खोलीत मला कुणी अडवणारं नव्हतं. सहकारी तर म्हणालाही, "दाब ना, त्याच लायकीचा आहे." मी माउस तिथेच धरून, बटण न दाबता, हमसून हमसून रडले. मग पात्याला कुलूप घातलं, आणि तिथल्या पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: टेबल रिकामं करा. पातं फिरणार नाही.

तिथला एक जण ते वाचून भुशात आडवा पडला. "यंत्र बोललं! यंत्र बोललं!"

"अरे गाढवा, ती बाई लिहितेय!" मुकादम खेकसला. एवढं तरी शिकला होता. मग मला म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाल तर कोयता आहे आमच्याकडे."

"कोयत्याने तुमच्या जावयाचा हात परत येणार आहे?"

"मग तो कुणी तोडला? बाबा लबाड, ही निर्दोष, भूत नाही. मग माझ्या पोरीचा संसार कुणी मोडला? सांगा ना! तुम्हाला सगळं दिसतं ना तिथून!"

मला ते दिसत नव्हतं. पण ताईला माहीत होतं. तिच्या हाताला कुणीतरी सदरा गुंडाळला होता, जबडा सुजला होता. ती गुडघ्यांवर टेबलापर्यंत आली आणि चांगल्या हाताने तिने मशीनच्या डोळ्याकडे बोट केलं. शब्द तुटत तुटत आले. "आरसा. रोज काढते मी. रोज परत लागतो."

डोळ्यासमोर नखाएवढा आरशाचा तुकडा चिकटपट्टीने लावलेला होता. डोळ्याचा प्रकाश त्या आरशावरून त्याच्यावरच परत जायचा, म्हणजे मशीनला वाटायचं समोर कुणी नाही, रस्ता मोकळा. हात आला काय, मान आली काय. हे करायचं कारणही साधं: सालीचा कपटा उडून समोर आला तरी डोळा पातं थांबवतो, आणि दिवसाचं काम मागे पडतं. काम मागे पडू नये म्हणून तो आरसा रोज लावणारा माणूस कारखान्यात एकच होता.

मग मुकादम म्हणाला, "मी लावायचो."

कॅमेऱ्यात मला दिसत होतं: बाबाला धरलेले हात सैल झाले आणि गर्दी हळूहळू मुकादमाकडे वळली. एकाच्या हातात अजून फळी होती. पाऊण तासात तिसरं माणूस त्या टेबलाच्या वाटेवर होतं. कुणाचा हात ते महत्त्वाचं नव्हतंच, त्यांना एक हात हवा होता.

मोजणीताई टेबलावर चढून बसली. पात्याच्या समोर, रक्ताळलेला हात छातीशी धरून. म्हणाली, "इथे फक्त लाकूड चढतं. ज्याला माणूस कापायचाय त्याने आधी मला उचलावं."

फळीवाल्याने फळी खाली ठेवली. मग कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली.

बाबा आणि कारकून आत आहेत. फळ्या मारणारे नऊ जण आत आहेत आणि नवाच्या नऊ घरांतून मला शिव्या येतात. मुकादम स्वतः पोलिसात जाऊन आरशाचं सांगून आला, तेव्हापासून जावई त्याच्याशी बोलत नाही. चाचणी फेरी आम्ही कायमची काढून टाकली. आणि एवढं झाल्यावर मी त्या कारखान्यात गेले, फोनवरून सगळ्यांच्या समोर मशीन बंद केलं, चालू केलं, प्रत्येकाला ते करू दिलं. चाळीस जणांनी केलं. एकेचाळिसावा म्हातारा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "ते सगळं ठीक, बाई, पण महाराजांना शक्ती होतीच." मी त्याच्यावर चिडले नाही. आधी एक काम उरलं होतं.

ताई इस्पितळात होती. जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे पाटीवर लिहून बोलत होती. मी माफी मागायला सुरुवात केली, तिने हाताने थांबवलं आणि लिहिलं: काम सुरू करायच्या आधी फोन करून, मशीनजवळ कुणी नाही ना, हे मोजणीवाल्याकडून वदवून घ्यायचा नियम आहे. त्या दिवशी फोन केलात?

केला होता. फोन कारकुनाने उचलला होता. मी विचारलं, मशीनजवळ कुणी नाही ना? तो म्हणाला, "सगळं व्यवस्थित आहे मॅडम, महाराज स्वतः आलेत." मी हसले. मला त्या दिवशी अजून अकरा मशीनं करायची होती. महाराज कोण, कशाला आलेत, मोजणीताई कुठे आहे, तिला फोन द्या, यातलं एकही मी विचारलं नाही. त्याच्या "व्यवस्थित आहे"वर मी विश्वास ठेवला, जसा त्यांनी बाबावर ठेवला. डोळे मिटून, सोयीचं होतं म्हणून.

मी हे तिला सांगितलं. तिने पाटी पुसली आणि एकच शब्द लिहिला: विचारायचं.

तेच मी तुम्हाला सांगतेय, हात जोडून नाही, कान धरून. कुणी वेळ सांगितली आणि ती खरी ठरली, तर त्याला ती आधी कुठून कळली ते विचारा. कुणी न शिवता यंत्र हलवलं, तर ते दुसरं कोण हलवू शकतं ते विचारा. कुणाकडे दोषी म्हणून बोट दाखवलं गेलं, तर त्यामुळे बोट दाखवणाऱ्याचं काय झाकलं जातंय ते विचारा. मोठ्या माणसाला विचारा, कंपनीला विचारा, मला विचारा. लाज वाटली तरी विचारा, उशीर झाला तरी विचारा. त्या छपराखाली शंभर-सव्वाशे माणसं होती आणि खुर्चीत मी होते. एकाने जरी आधी विचारलं असतं, तर त्या बाईच्या हाताला आज पाच बोटं असती.